क्षमा लादता येते काय?

शब्बाथशाळेत दोन मुलांचे भांडण झाले की शिक्षक काय करतात हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. दोघांना पुढे बोलावले जाते, "सॉरी म्हण, हात मिळव" असे सांगितले जाते, हात मिळतात आणि धडा पुढे चालू होतो. मने मिळाली की नाही हे विचारायला वेळ नसतो. घरात, मंडळीत आणि भावकीत आपण मोठी माणसेही पुष्कळदा याच रीतीने वागतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आपण म्हणतो, "जाऊ द्या, क्षमा करा." तो गप्प बसला की क्षमा झाली असे आपण धरून चालतो. येथे एक प्रश्न उभा राहतो: क्षमा दुसऱ्याकडून करवून घेता येते काय?

या प्रश्नावर अलीकडच्या काळात जगभरच्या तरुणांनी मोठा कडाक्याचा वाद घातला आहे. नवल असे की तो वाद कोणत्या उपासनामंदिरात किंवा विद्यापीठात झाला नाही. तो झाला एका व्हिडिओ गेमवरून, आणि तोही झोंबींचा, मारामारीचा खेळ. अशा खेळाचे नाव मासिकाच्या पानावर पाहून काही वाचक कपाळाला आठ्या घालतील. त्यांना आमची विनंती एवढीच की थोडा धीर धरावा. आपल्या मंडळ्यांतील तरुण मुले हे खेळ खेळतात, इतरांना खेळताना पाहतात आणि त्यांवर आपापसांत बोलतात. ती काय बोलतात हे ऐकण्यासारखे आहे.

प्रथम खेळाची हकीकत सांगणे भाग आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सांता मोनिका येथे 'नॉटी डॉग' नावाची खेळ तयार करणारी संस्था आहे. तिने जून २०१३ मध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठी 'द लास्ट ऑफ अस' हा खेळ काढला. मुंग्यांच्या शरीरात शिरून त्यांच्या हालचालींचा ताबा घेणारी एक बुरशी निसर्गात खरोखरच आहे. अशी बुरशी माणसांत पसरली तर काय होईल, ही या खेळामागची कल्पना. रोग झालेली माणसे भान हरपतात, विद्रूप होतात आणि इतरांना चावत सुटतात. शहरे ओस पडली आहेत आणि उरलेली माणसे एकमेकांना भिऊन जगत आहेत.

जोएल नावाच्या माणसाची मुलगी या साथीच्या पहिल्याच रात्री एका सैनिकाच्या गोळीने मरते. वीस वर्षांनंतर एली नावाच्या १४ वर्षांच्या मुलीला बॉस्टनहून दूर पश्चिमेकडे पोचवण्याचे काम त्याच्यावर येते. एलीला चावा बसूनही रोग जडलेला नाही, म्हणून तिच्यापासून औषध निघेल अशी आशा आहे. प्रवासात ती त्याला पोटच्या मुलीसारखी होते. सॉल्ट लेक सिटी येथील इस्पितळात पोचल्यावर मात्र कळते की औषध करायचे तर तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि तीत ती मरेल. एली बेशुद्ध आहे; तिला कोणी विचारलेले नाही. जोएल शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला ठार मारतो, आड येणाऱ्या इतरांना मारतो आणि तिला उचलून घेऊन जातो. पुढे ती खरे काय ते विचारते, तेव्हा तो तिला खोटे सांगतो आणि तेच खरे असल्याची शपथ घेतो. पहिला भाग येथे संपतो.

या खेळातील एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. चित्रपट पाहणारा खुर्चीत बसून पाहतो. व्हिडिओ गेममध्ये मात्र हातातील बटण दाबल्यावाचून पात्र पाऊल टाकत नाही की शस्त्र उचलत नाही. त्या डॉक्टरला मारण्याचे बटणही खेळणाऱ्यालाच दाबावे लागते. ते टाळून पुढे जाता येत नाही. २०१३ मध्ये असंख्य लोकांनी ते दाबले. त्या डॉक्टरला तेव्हा नाव नव्हते. तो वाटेतला एक अडथळा होता, एवढेच.

दुसरा भाग १९ जून २०२० रोजी आला. पहिल्या तीन दिवसांतच त्याच्या ४० लाखांहून अधिक प्रती खपल्या. या भागाच्या आरंभीच ॲबी नावाची एक तरुणी काही सोबत्यांसह वायोमिंगमधील जॅक्सन या वस्तीजवळ येते. रोगग्रस्तांच्या झुंडीत ती सापडली असता जोएल आणि त्याचा भाऊ तिचा जीव वाचवतात. त्यानंतर थोड्याच वेळाने ती जोएलला अत्यंत क्रूरपणे, एलीच्या डोळ्यांदेखत ठार मारते. एली सूड घेण्यासाठी सिएटल शहरी जाते आणि ॲबीच्या सोबत्यांना एकामागून एक मारते. खेळणाऱ्याचा हात तिच्या हाताबरोबर चालतो. ॲबी समोर येते, आता निकाल लागणार असे वाटते, आणि नेमका त्याच क्षणी खेळ थांबतो व काळ मागे नेतो. आता खेळणाऱ्याला ॲबी व्हावे लागते.

ॲबी ही त्या निनावी डॉक्टरची मुलगी. सात वर्षांपूर्वी ज्याला आपण अडथळा म्हणून दूर केले, त्याला आता जेरी हे नाव मिळते, चेहरा मिळतो, काटेरी तारेत अडकलेल्या झेब्र्याला सोडवणारे हात मिळतात. एलीऐवजी तुझी स्वतःची मुलगी असती तर तू ही शस्त्रक्रिया केली असतीस काय, असे त्याला विचारले जाते आणि त्याला उत्तर देता येत नाही. पुढे कितीतरी तास, म्हणजे जवळजवळ अर्धा खेळ, खेळणारा ॲबीच्या पावलांनी चालतो. तिचे सोबती जेवताना दिसतात, थट्टा करताना दिसतात. आणि आपण एलीच्या हाताने त्यांना आधीच मारलेले असते. शत्रूच्या टोळीतील लेव्ह आणि यारा या दोन भावंडांसाठी ॲबी स्वतःचा जीव धोक्यात घालते. अखेर एली आणि ॲबी समोरासमोर येतात, आणि तेव्हा खेळणारा ॲबीच्या बाजूने एलीवर वार करत असतो.

यावर खेळणारे काय म्हणाले? येथून आमच्या विषयास खरी सुरुवात होते.

इंटरनेटवर मेटाक्रिटिक नावाचे एक स्थळ आहे. तेथे समीक्षकांचे गुण वेगळे आणि सर्वसाधारण खेळणाऱ्यांचे गुण वेगळे मांडले जातात. समीक्षकांनी या खेळाला १०० पैकी ९३ गुण दिले. खेळणाऱ्यांची सरासरी मात्र पहिल्या दिवसांत १० पैकी ४ च्याही खाली गेली. हजारो लोकांनी शून्य दिले. आता हा खेळ पुरा करायला वीसहून अधिक तास लागतात, आणि शून्याचे ढीग तर विक्री सुरू झाल्यापासून काही तासांतच पडू लागले. म्हणजे पुष्कळांनी कथेचा उत्तरार्ध पाहण्यापूर्वीच निकाल दिला होता. त्याच्या दोन महिने आधी, एप्रिल २०२० मध्ये, खेळातील काही दृश्ये चोरून बाहेर पसरवली गेली होती; कित्येकांचे मत त्या तुकड्यांवरच बनले होते. जुलै २०२० मध्ये मेटाक्रिटिकने नियम केला की खेळ बाहेर पडल्यावर ३६ तासांपर्यंत खेळणाऱ्यांचे मत घेतले जाणार नाही. न्याय करण्यापूर्वी ऐकून घ्यावे, ही जुनी शिकवण तेथे घड्याळ लावून अमलात आणावी लागली! पुढे सरासरी काहीशी वर आली. डिसेंबर २०२० मध्ये 'गेम अवॉर्ड्स' समारंभात वर्षातील सर्वोत्तम खेळासह सात पारितोषिके याच खेळाला मिळाली.

तथापि, नापसंती दर्शवणारे सर्वच उतावळे होते असे म्हणणे हाही एक उतावळेपणाच होईल. त्यांच्यांत निरनिराळे लोक होते आणि त्यांना वेगळे करून ऐकले पाहिजे.

काहींचा राग कथेवर नव्हताच. एलीचे एका मुलीवर प्रेम आहे, ॲबी पुरुषासारखी पिळदार शरीराची आहे, लेव्ह मुलगी म्हणून जन्मला असून मुलगा म्हणून राहतो, एवढ्यावरच ते भडकले होते. त्यांनी खेळाविषयी फारसे काही सांगितले नाही, स्वतःविषयी सांगितले.

दुसरे काही म्हणाले, आम्हांला फसवले गेले. जाहिरातीच्या एका चित्रफितीत एलीच्या मदतीला जोएल येताना दाखवला होता. प्रत्यक्ष खेळात त्या जागी दुसराच तरुण आहे, कारण जोएल तोवर मेलेला असतो. हा आक्षेप साधा आणि सरळ आहे. सत्य आणि करुणा यांची कथा सांगणाऱ्याने गिऱ्हाईक जमवण्यासाठी असत्य दाखवावे हे शोभणारे नव्हे.

तिसऱ्या प्रकारचे लोक आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्यांनी खेळ पूर्ण खेळला आणि ते दुखावले गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: "एका स्त्रीला लोखंडी नळीने मारण्याचे बटण आम्ही दाबले, कारण ते दाबल्यावाचून कथा पुढे सरकतच नव्हती. आम्हांला दुसरा मार्ग दिला नाही. नंतर तुम्हीच आम्हांला विचारता, पाहा, तुम्ही किती क्रूर! आमच्या हातून करवून घ्यायचे आणि दोष आम्हांला द्यायचा, हा कुठला न्याय?" कित्येकांनी सांगितले की एलीविरुद्ध लढायची वेळ आली तेव्हा आपण हात आखडला आणि ॲबीला मुद्दाम मरू दिले. पण उपयोग नव्हता. ॲबी मेली की खेळ त्याच जागी पुन्हा सुरू होतो.

शेवटच्या प्रसंगावर तर दोन परस्परविरुद्ध तक्रारी आल्या. सांता बार्बरा येथील समुद्रकिनाऱ्यावर ॲबी खांबाला टांगलेली, मरणोन्मुख सापडते. एली तिला सोडवते आणि मग लढायला भाग पाडते. ती तिला पाण्याखाली दाबून धरते आणि अगदी शेवटच्या क्षणी सोडून देते. काही खेळणारे म्हणाले, "एवढे सोसून आम्ही इथवर आलो ते सूड घेण्यासाठी. तो आम्हांला घेऊ का दिला नाही?" दुसरे म्हणाले, "आमचे मन ॲबीविषयी कधीच निवळले होते. आम्हांला ही लढाई नकोच होती. ती आमच्याकडून का करवली?" खेळ एकच, प्रसंग एकच, एकाला क्षमा लादली गेली असे वाटले, दुसऱ्याला सूड लादला गेला असे वाटले. दोघांची तक्रार मुळात एकच होती: माझे मन जेथे आहे तेथे तुम्ही मला असू देत नाही.

आता पवित्र शास्त्रातील दोन कथा आठवाव्यात. त्या आपल्या परिचयाच्या आहेत, परंतु या प्रश्नाच्या प्रकाशात त्या वेगळ्या दिसतात.

पहिली नाथान संदेष्ट्याची. दाविदाने उरीयाला मारवले होते. नाथान येऊन थेट दोषारोप करीत नाही. तो एका गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगतो. दाविद ती ऐकतो, संतापतो, शिक्षा फर्मावतो, आणि मग त्याला कळते की तो माणूस आपणच. कथेचे सामर्थ्य येथे दिसते: स्वतःचे पाप उघड पाहायला आपण तयार नसतो, दुसऱ्याच्या गोष्टीत ते बरोबर ओळखतो. या खेळाच्या कर्त्यांनी नाथानाचीच वाट धरली असे म्हणता येईल. सात वर्षांपूर्वीच्या त्या निनावी डॉक्टरला त्यांनी कोकरू करून समोर आणले. खेळात शत्रू पडला की त्याचे साथी त्याला नावाने हाक मारतात, ही योजनाही त्याचसाठी. खेळाचे प्रमुख कर्ते नील ड्रकमन यांचा जन्म इस्राएलमधला. २००० साली रामल्ला येथे जमावाने दोन इस्राएली सैनिकांना मारल्याची दृश्ये पाहून आपल्या मनात सूडाची तीव्र इच्छा उठली आणि पुढे तिची आपल्याला लाज वाटली, असे त्यांनी सांगितले आहे. हीच भावना खेळणाऱ्याला आधी अनुभवू द्यावी आणि मग तिच्याकडे वळून पाहायला लावावे, असा त्यांचा बेत होता.

पण नाथान आणि हा खेळ यांत एक फरक आहे, आणि दुखावलेल्या खेळणाऱ्यांनी तो अचूक पकडला आहे. दाविदाने आपले पाप स्वतःच्या इच्छेने केले होते. खेळणाऱ्याला इच्छा विचारलीच नव्हती. जेथे निवड नाही तेथे अपराध नाही, हे नीतीचे साधे तत्त्व आहे. म्हणून हाताच्या हालचालीबद्दल खेळणाऱ्याला दोषी धरता येणार नाही. आम्हांला ही तक्रार मान्य आहे.

तथापि, ती अर्धीच मान्य आहे. बटण दाबणे सक्तीचे होते. परंतु जोएल मेल्यावर मनात जी आग उठली ती कोणी सक्तीने लावली नव्हती. सिएटलच्या वाटेवर "कधी एकदा ती सापडते" असे ज्यांना वाटले त्यांचे ते वाटणे त्यांचे स्वतःचेच होते. पहिल्या भागात डॉक्टरला मारणेही इतकेच सक्तीचे होते, तेव्हा मात्र "आमचा हात का वापरला?" असा ओरडा एवढ्या मोठ्याने झाला नाही. सक्ती आपल्या इच्छेच्या दिशेने ओढते तोवर ती आपल्याला जाणवत नाही; उलट दिशेने ओढू लागली की लगेच टोचते. हे केवळ खेळणाऱ्यांचे नव्हे, आपणां सर्वांचे आहे. आपल्या बाजूच्या माणसाने केलेली सक्ती आपल्याला व्यवस्था वाटते आणि दुसऱ्या बाजूने केलेली जुलूम वाटते.

दुसरी कथा योनाची. योनाला निनवेस जायचे नव्हते. ते शत्रूचे शहर. त्याचा नाश व्हावा हीच त्याची इच्छा. देवाने त्याला सोडले नाही. तो पळाला तेव्हा वादळ उठले, मासा आला, आणि शेवटी त्याला त्या शहराच्या रस्त्यांवरून चालावेच लागले. निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, देव त्यांचा नाश टाळतो, आणि योनाला भयंकर राग येतो. दयेचा राग! "सूड का घेऊ दिला नाही?" असे विचारणाऱ्या खेळणाऱ्यांत आणि शहराबाहेर सावलीत बसून धुमसणाऱ्या योनात फारसे अंतर नाही.

आता येथे देव काय करतो ते पाहावे. ज्याने माशाला आज्ञा केली, वादळाला आज्ञा केली, तो योनाच्या मनाला आज्ञा करीत नाही. तो एक वेल उगववतो आणि सुकवतो, आणि मग योनाला प्रश्न विचारतो: त्या शहरातील १,२०,००० हून अधिक माणसांची आणि पुष्कळ गुरांची मला कीव येऊ नये काय? पुस्तक त्या प्रश्नावरच संपते. योनाने काय उत्तर दिले हे लिहिलेले नाही. त्याचे पाय निनवेस नेता आले. त्याचे हृदय मात्र त्याचे त्यालाच न्यायचे होते.

आमच्या मते आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. दुसऱ्याची बाजू ऐकायला माणसाला भाग पाडता येते. कधीकधी भाग पाडणे योग्यही असते. क्षमा करायला भाग पाडता येत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात. खेळाने खेळणाऱ्याला ॲबीच्या पावलांनी चालवले, ही पहिली गोष्ट झाली, आणि ती करण्याचा कथा सांगणाऱ्याला अधिकार आहे. पुष्कळांची मने त्याने पालटलीही. "आरंभी मी तिचा द्वेष करीत होतो, शेवटी तिने जगावे असे मला वाटले," असे सांगणारेही खूप आहेत. परंतु जे तेथवर पोचले नाहीत त्यांना वाईट ठरवण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

काही समीक्षकांनी याहून गंभीर आक्षेप घेतला. दोन्ही बाजूंना दुःख आहे, दोन्ही बाजूंनी हिंसा केली, असे म्हणत गेले की दोन्ही बाजू सारख्याच ठरतात. मग ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याचे काय? हा आक्षेप आपल्याला विसरता येत नाही. दुसऱ्याची बाजू ऐकणे म्हणजे दोन्ही पारडी समान आहेत असे जाहीर करणे नव्हे. नाथानाने दाविदाला समजावून घेतले, पण दाविद आणि उरीया सारखेच, असे तो म्हणाला नाही.

खेळातच क्षमेविषयी एक प्रसंग आहे, आणि या वादाच्या गदारोळात त्याकडे अनेकांचे दुर्लक्ष झाले. जोएलने खोटे सांगितले हे एलीला पुढे कळले होते. तिने त्याच्याशी जवळजवळ संबंध तोडले होते. त्याच्या मृत्यूच्या आदल्या रात्री ती त्याच्या घरी जाते आणि सांगते की तुला या गोष्टीबद्दल क्षमा करणे मला कधी जमेल असे वाटत नाही, तरी प्रयत्न करावा अशी इच्छा आहे. बस्स, एवढेच. पाण्यात ॲबीला दाबून धरलेले असताना तिला आठवतो तो हाच प्रसंग. येथे कोणी बटण दाबत नाही, कोणी आज्ञा करीत नाही. आधी सत्य उघड झाले, मग राग आला, राग बराच काळ राहिला, आणि त्या रागातून क्षमेची नुसती इच्छा निघाली. क्षमा पुरी झाली नव्हती, पण ती खरी होती.

आणि जेथे सत्य नको, ऐकणेही नको, तेथे काय होते, हेही या वादाने दाखवले. ॲबीचा आवाज आणि अभिनय लॉरा बेली या अभिनेत्रीचा आहे. जुलै २०२० मध्ये त्यांनी उघड केले की लोक आपल्याला ठार मारण्याच्या धमक्या पाठवीत आहेत. त्यांनी कोणाला मारले नव्हते. एका काल्पनिक पात्राला आवाज दिला होता. सूडाने किती माणसे बळी पडतात हे सांगणारी कथा समोर असताना काहीजणांनी सूडासाठी एक जिवंत बाई शोधून काढली. त्याच भूमिकेबद्दल त्यांना २०२१ साली ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले, हा भाग निराळा. द्वेषाला पत्ता बरोबर आहे की नाही याची फिकीर नसते; त्याला कोणीतरी हवे असते.

हे सर्व आम्ही शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांपुढे का मांडतो? हा खेळ लहान मुलांसाठी नाही. त्यातील हिंसा अतिशय भेसूर आहे. युरोपात त्यावर १८ वर्षांची आणि अमेरिकेत १७ वर्षांची मर्यादा छापलेली असते. आईबापांनी ती पाळावी. परंतु ज्या तरुणांनी तो खेळला आहे, किंवा २०२५ साली त्यावर आलेली दूरचित्रवाणी मालिका पाहिली आहे, त्यांना "असले घाणेरडे खेळ कशाला?" असे म्हणून गप्प बसवण्याआधी एक प्रश्न विचारावा: शेवटी तिने तिला सोडले, तुला काय वाटले? त्याच्या उत्तरातून त्याच्या मनाची जितकी ओळख होईल तितकी वर्षभराच्या प्रश्नोत्तरांतून होणार नाही.

शिवाय, आपल्याच रीतीकडे पाहावे. जुलै २०२५ मध्ये या खेळाच्या कर्त्यांनी एक नवी सोय दिली: कथा मागेपुढे न होता घडली त्या क्रमाने खेळता येते. म्हणजे जोएल मेला तेव्हा ॲबी कोण, हे खेळणाऱ्याला आधीच ठाऊक असते. कथा तीच, माणसे तीच. फक्त कोणाची हकीकत आधी कानी पडते एवढाच फरक, आणि तेवढ्याने मनाचा कल बदलू शकतो. मंडळीतील तंट्यांत आपण हे रोज पाहतो. ज्याने आधी येऊन सांगितले तो आपला. जो नंतर आला त्याला आपण सबबी सांगणारा म्हणतो.

म्हणून वर्गात दोन मुले भांडली तर ताबडतोब हात मिळवायला लावू नये. पहिल्याने दुसऱ्याची बाजू बोलून दाखवावी, दुसऱ्याने पहिल्याची. आणि ज्याची बाजू आहे तो "होय, असेच झाले" म्हणेपर्यंत ती पुन्हा सांगावी. एवढे शिक्षकाने अवश्य करवून घ्यावे. हात मिळवणे मुलांवर सोडावे. त्या रविवारी ते झाले नाही तर पुढच्या रविवारी होईल.

मोठ्यांच्या बाबतीत जबाबदारी अधिक आहे. जिची जमीन दिराने बळकावली त्या विधवेला, घरी मार खाणाऱ्या बाईला, अपमान झालेल्या गरीब सभासदाला आपण "ख्रिस्ती माणसाने क्षमा केली पाहिजे" असे सांगतो, तेव्हा आपण नेमके काय करीत असतो? सत्य उघड झाले आहे काय? ज्याने अन्याय केला त्याला तिची बाजू ऐकायला आपण भाग पाडले आहे काय? जमीन परत मिळाली आहे काय, मार थांबला आहे काय? ते काही न करता केवळ तिच्याकडून क्षमा मागणे म्हणजे आपल्या सोयीसाठी तिचे बटण दाबणे होय. क्षमा ही प्रभूची आज्ञा आहे यात शंका नाही. पण आज्ञा त्याने दिली आहे, तिचे उत्तर तिने त्याला द्यायचे आहे. मध्ये उभे राहून वसुली करण्याचे काम आपल्यावर सोपवलेले नाही. आपल्यावर सोपवलेले काम निराळे आहे: बळजोराला निनवेच्या रस्त्यांवरून चालवावे, आणि दुखावलेल्या माणसाजवळ, त्याचे मन जेथे आहे तेथेच, बसून राहावे.